आठव्या दिवसाचं पाणी

पुंजाजी माळ्याच्या घरचा बी.ए. विहिरीच्या पाण्यावर पिकला, असं गावात म्हणत. त्यात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. वाशीमजवळच्या मालेगावहून शेलूबाजारला जाणाऱ्या रस्त्याला लागून त्याचा मळा होता. मळ्यात आज्याच्या हातची दगडी विहीर होती आणि विहिरीचे वाटेकरी दोन, एक पुंजाजी आणि दुसरा त्याचा चुलतभाऊ रामधन. आठ दिवसांचं चक्र होतं. चार दिवस याची मोट चालायची, चार दिवस त्याची. दिवस उगवला की पाळी लागायची, बुडाला की सुटायची, आणि रातभर विहीर पुन्हा भरायची. याचा कागद कुठे नव्हता आणि कागदाची कधी कुणाला गरजही पडली नव्हती.

मग धाकटा भगवंता मॅट्रिक झाला आणि पुंजाजीच्या डोक्यात उमरावतीचं कॉलेज शिरलं. पहिलं वर्ष थोरल्या सुनेच्या, आवडाबाईच्या, अंगावरच्या चांदीवर निघालं. दुसऱ्या वर्षी पुंजाजीने पाण्याचा एक दिवस पैसे घेऊन रामधनला कायमचा देऊन टाकला. तिसऱ्या वर्षी दुसरा दिला, चौथ्या वर्षी तिसरा. भगवंता पदवीचा कागद नळकांड्यात घालून घरी आला, तेव्हा रामधनची मोट सात दिवस चालत होती आणि पुंजाजीच्या वाट्याला आठवा एकच दिवस उरला होता.

चार दिवसांच्या पाण्याला सवकलेला मळा एका दिवसावर कसा जगणार? आधी ऊस गेला. मग संत्र्याची बारा झाडं वाळली आणि चुलीत गेली. आता विहिरीजवळचे वांग्या-मिरचीचे वाफे तेवढे हिरवे होते. घराचं मीठमिरची, कापडचोपड सगळं त्या वाफ्यांतून निघायचं, आणि एक पाळी चुकली असती तर वैशाखाच्या उन्हात तेही संपलं असतं.

थोरला नथ्थू तिसरीतून शाळा सोडून मोटेवर आलेला. भावाशी त्याचं वाकडं नव्हतं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की भगवंताला खांद्यावर बसवून शाळेत पोचवणारा तोच. भाऊ बी.ए. झाल्याचं कळलं त्या दिवशी त्याने बाजारात भाजी विकायची सोडून सगळ्यांना पेढे वाटले होते. पण वर्ष झालं, भाऊ घरी बसून होता. वाशीमच्या कचेरीत त्याने अर्ज दिला, तर तिथले कारकून म्हणाले, आम्हाला मॅट्रिकवाला पाहिजे, बी.ए. आज येईल आणि उद्या पळून जाईल. जिथे बी.ए. पाहिजे होता तिथे एका खुर्चीमागे चाळीस बी.ए. उभे होते. दिवस मंदीचे होते. पुंजाजीला मात्र मंदी म्हणजे काय ते कळत नव्हतं. चार वर्षं पाणी दिलं तर झाडाला फळ आलंच पाहिजे, एवढं त्याला कळत होतं.

आणि त्याची एक पक्की समजूत होती. अकोल्याला एकदा त्याने एका साहेबाला वकिलाचा हात हातात घेताना पाहिलं होतं. तेव्हापासून तो म्हणायचा, "साहेब आंधी हात पाह्यते. हाताले घट्टे लागले का समजते, हा मोटेवरचा गडी हाये. कागद पाह्यतच नाही मंग." त्यामुळे भगवंता घरी आला त्या दिवसापासून त्याने मोटेच्या नाड्याला, फावड्याला, बादलीलासुद्धा हात लावायचा नाही असा दंडक झाला. बाप स्वतः पोटच्या पोराला भगवंतराव म्हणू लागला, तुमी म्हणू लागला. भगवंताला त्याची लाज वाटायची. पांढरं धोतर नेसून तो दिवसभर ओसरीवर बसायचा, गावातल्यांचे अर्ज फुकट लिहून द्यायचा, आणि समोरून सात महिन्यांची पोटुशी वहिनी डोक्यावर घागर घेऊन गेली की मान खाली घालायचा.

एकदा वैतागून तो बोलून गेला, की नुसत्या बी.ए.ला आता कुणी विचारत नाही, वकिलीची दोन वर्षं झाली असती तर गोष्ट वेगळी. पुंजाजीने ते शब्द उचलले. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, नोकरी लागली तर ठीक, नाही तर आठवा दिवसही रामधनला देऊन भगवंतरावाला नागपूरला धाडायचं, असं त्याने ठरवलं. नथ्थूने विचारलं, मंग आपुन खावं काय? पुंजाजी म्हणाला, "हत्ती गेला नथ्थू, शेपूट राह्यलं. शेपटासाठी हत्ती सोडतं का कोनी?"

आखाजी तेरा दिवसांवर आली असताना शेलूबाजारच्या शिखरचंद सेठचा निरोप आला. तिथे नवी इंग्रजी शाळा निघायची होती, सेठ कमिटीवर होते आणि त्यांना एक बी.ए. मास्तर हवा होता. गुरुवारी मालेगावला मोटर धरायला जाताना मी स्वतः येऊन मुलगा पाहीन, शुक्रवारी अकोल्याला नाव द्यायचं आहे, असं त्यांनी कळवलं. पाळीचं चक्र आठाचं आणि आठवडा सातांचा, म्हणून पाण्याचा वार दर खेपेला एकाने पुढे सरकायचा. या खेपेला तो नेमका गुरुवारी आला.

गुरुवारी पहाटे नथ्थू उठायला गेला आणि त्याचे दात वाजू लागले. दिवसाआड येणारा हिवताप होता तो, महिन्यापासून अंगात ठाण मांडून बसलेला. आज त्याचाही दिवस होता. आवडाबाईने दोन गोधड्या टाकल्या, वर पोतं टाकलं, तरी हुडहुडी थांबेना. नथ्थू भिंतीला धरून उभा राहिला आणि उंबऱ्यातच बसला.

"मी जातो बाबा मोटेवर," भगवंता म्हणाला.

"तुमी बसा. सेठ येतीन." पुंजाजीने खुंटीचा चाबूक काढला. "मी का मेलो काय?"

तीन वर्षांपूर्वी झाडावरून पडल्यापासून त्याची कंबर वाकली होती. चाबकाचाच टेका घेत तो बैलांकडे गेला. आवडाबाई फावडं घेऊन वाफ्यांना पाणी फोडायला त्याच्या मागून निघाली. भगवंता धुतलेलं धोतर, बटनांचा कोट, टोपी असा जामानिमा करून ओसरीवर बसला. पदवीचं नळकांडं त्याने शेजारी ठेवलं होतं.

नथ्थू गोधडीखाली पडून मोटेच्या चाकाचा आवाज ऐकत होता. बैल धावेच्या उतारावरून खाली यायला लागले की चाक लांब कुरकुरायचं, मग थारोळ्यात पाणी आदळायचं, मग बैल मागे सरेपर्यंत सगळं गप्प. सोळा वर्षं हे आवाज त्याच्या अंगात मुरले होते. तो डोळे मिटून सांगू शकला असता, की पाणी आता कोणत्या वाफ्यात शिरलं असेल. सुरुवातीला मोटा बऱ्या चालल्या. मग दोन मोटांमधला गप्पपणा वाढत गेला. एकदा चाक मधेच थांबलं, उलटं फिरलं आणि मोट धप्पकन विहिरीत गेली. नथ्थूने ओसरीकडे पाहिलं. भगवंताही तेच ऐकत होता. त्याने टोपी काढून मांडीवर घेतली होती.

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग चाक पुन्हा कुरकुरलं, पण वेगळं, हलकं. नाड्यावर बसणाऱ्याचं वजन कमी होतं. नथ्थूला ते कळलं आणि तो गोधडी टाकून तसाच उठला.

बांधाला धरत धरत तो विहिरीवर पोचला. पुंजाजी थारोळ्याच्या कडेला बसला होता, तोंड राखेसारखं, हात कमरेवर. आणि धावेवर आवडाबाई होती. लुगड्याचा काचा मारून, पोटाला पदर आवळून ती बैलांमागे नाड्यावर बसून खाली जात होती. बाईमाणसाने नाड्यावर बसू नये, विहीर आटते, असं लहानपणापासून ऐकलेला नथ्थू, पण त्या घडीला त्याला विहिरीची आठवणच झाली नाही. तिचं पोट तेवढं दिसलं. नाड्याला एक हिसका बसला असता तर काय झालं असतं, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"उतर," तो म्हणाला.

"चौदा वाफे राह्यले," आवडाबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "उतरल्यावर कोन हाकन? तुमी?"

नथ्थूने चाबूक घ्यायला हात पुढे केला आणि गुडघ्यांवर बसला. त्याने घराकडे तोंड करून भावाला हाक मारली. अशी हाक त्याने वर्षभरात मारली नव्हती, बापाने मारूच दिली नव्हती. भगवंता ओसरीवरून उठलाच होता. कोट ओसरीवर ठेवून, धोतर गुडघ्यावर खोचत तो पळत आला.

पुंजाजी कसाबसा उठला आणि पोराच्या वाटेत उभा राहिला. डोक्याचं पागोटं काढून त्याने भगवंताच्या पायांवर ठेवलं.

"भगवंतराव, नका लावू नाड्याले हात. एक दिवस. तेवढा सेठ येऊन जाऊ द्या."

सून पाहत होती, थोरला पाहत होता. बापाचं उघडं, पांढरं डोकं त्या उन्हात पाहवत नव्हतं. नथ्थूला वाटलं, झालं, आता हा मागे फिरणार आणि मळा मरणार. भगवंताने वाकून पागोटं उचललं, माती झटकली आणि बापाच्या डोक्यावर नीट बसवलं. मग वहिनीच्या हातातून चाबूक घेतला.

पहिल्या दोन मोटा त्याने अर्ध्याच आणल्या. बैल त्याला ओळखेनात आणि मागे सरेनात. रामधनच्या बांधावरचे दोन मजूर काम सोडून हसत उभे राहिले. एक म्हणाला, इंग्रजीत बोला मास्तर, बैल लवकर ऐकतीन. तिसऱ्या मोटेला भगवंताने बैलांच्या पाठीवर हात फिरवला, नथ्थू घालायचा तसला हेल काढला, आणि बैल सरले. नथ्थू आंब्याच्या सावलीत पोत्यावर पडून होता. ओल्या मातीचा वास त्याच्यापर्यंत आला. पाट भरून पाणी मिरचीत शिरलं. ताप अंगात फणफणत होता, तरी कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. मग भावाच्या हातांकडे लक्ष गेलं. दुपारपर्यंत नाड्याला रक्त लागलं होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा रस्त्यावर बैलांची दमणी थांबली. शिखरचंद सेठ उतरले, उपरण्याने तोंड पुसत सरळ विहिरीकडेच आले. कपडे बदलायला, तोंडावरचा चिखल धुवायला वेळच मिळाला नाही. भगवंता धावेच्या माथ्यावर बैलांमागे उभा होता. अंगावर नुसती बंडी आणि चिखलाने भरलेलं धोतर. सेठांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी पाणी मागितलं. भगवंताने थारोळ्यातून तांब्या भरला. सेठांनी खिशातलं फडकं ओंजळीवर धरून गाळलेलं पाणी पोटभर पिऊन घेतलं. ज्या हातांनी ते पाणी ओतलं, त्या हातांकडे त्यांनी पाहिलंही नाही. गार पाणी आहे म्हणाले. माझा बाप पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन याच रस्त्याने गावोगाव फिरायचा, तोही याच विहिरीवर पाणी प्यायचा, असंही हसून म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पुंजाजी, तुमचा बी.ए. कुठे आहे भाई?"

पुंजाजीची नजर भगवंताच्या चिखलावरून, रक्तावरून फिरली आणि खाली गेली.

"अकोल्याले गेला जी," तो म्हणाला. "साहेबानं बलावलं व्हतं."

"असं? मी तर निरोप दिला होता."

"अचानकच बलावलं जी."

नथ्थू कोपरावर उठून बसला. भगवंताने तोंड उघडलं होतं. एक वाक्य इंग्रजीत बोलला असता तरी काम झालं असतं. पण त्याने बापाकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसासमोर बाप खोटा पडला असता. उघडलेलं तोंड त्याने मिटलं. नथ्थूनेही मिटलं. आवडाबाई फावड्यावर हात ठेवून उभी होती, तीही बोलली नाही.

सेठ हळहळले. उद्या नाव द्यायचंच होतं, थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. मंगरुळचा एक पोरगा होता, आता त्याचंच द्यावं लागेल म्हणाले. निघताना धावेकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हा गडी नवीन वाटतो. कोण आहे?"

"ठेवला हाये जी," पुंजाजी म्हणाला. "आजच्या दिसापुरता."

दमणी मालेगावच्या अंगाला निघून गेली. पुंजाजी तिच्याकडे पाहत उभा राहिला. आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं की नाही, देव जाणे. भगवंताने बैलांना मागे सारलं आणि मोट सोडली. चार वाफे राहिले होते. चाक कुरकुरू लागलं.

दिवस टेकला तेव्हा शेवटच्या वाफ्यात पाणी पोचलं. पाळी सुटायच्या वक्ताला रामधन विहिरीवर आला. दुसऱ्या दिवसापासून मोट त्याची होती. तो वाईट माणूस नव्हता. त्याने दिवस हिसकावून घेतले नव्हते, दिले तेव्हा घेतले होते. दिवसभराचा तमाशा त्याच्या मजुरांनी त्याला सांगितला असावा, कारण तो खाली पाहूनच बोलला.

"मंग दादा, आखाजीले येऊ का?"

"ये," पुंजाजी म्हणाला. "मास्तरकी गेली. आता वकिलीच करावी लागन त्याईले. घेऊन टाक आठवाई दिवस."

नथ्थूचा ताप उतरला होता आणि अंगात जीव उरला नव्हता. तो बापाच्या पायांशी बसला. "बाबा, आता घरात लेकरू येते. हा दिवस गेला तं घोटभर पान्यासाठी आपल्याच विहिरीवर काकाले पुसा लागन."

"दोन वरसं," पुंजाजी म्हणाला. "दोनच वरसं काढा रे." त्याच्या आवाजात जोर नव्हता, पण तो हटणार नव्हता. तीन दिवस पाण्यात घातलेला माणूस चौथा राखून काय करणार? राखला, तर आधीचे तीन फुकट गेले असं आपल्याच तोंडाने कबूल करावं लागतं. नथ्थूला हे कळत होतं. म्हणूनच त्याचा धीर सुटला आणि तो बायकोसमोर, काकासमोर रडू लागला.

भगवंता नाडा गुंडाळत होता. नाडा खाली ठेवून तो बापासमोर आला आणि दोन्ही पंजे त्याने त्याच्या डोळ्यांसमोर उघडे केले. चामडी सोलून निघाली होती. बोटांच्या पेरांत रक्त आणि चिखल एकत्र वाळला होता.

"पाहा बाबा," तो म्हणाला. "आता हा हात कोन्या साहेबाच्या हाती देऊ?"

पुंजाजीने ते हात धरले. उजेडाकडे करून पाहिले. अंगठ्याने हळूच दाबून पाहिले.

"बुजन हे," तो म्हणाला. "महिन्याभरात नवी चामडी येते."

"चामडी येते. घट्टा जात नाही. तुमीच सांगत व्हते." भगवंताचा आवाज शांत होता. "पह्यल्याच दिशी मले परत लावतीन. दोन वरसं शिकून काय फायदा? पानी बी जाईन अन् मी बी."

पुंजाजी नथ्थूकडे वळला. त्याचा हात ओढून त्याने भगवंताच्या हाताशेजारी धरला. एक हात जुन्या, पिवळ्या घट्ट्यांचा, एक ताज्या जखमेचा. म्हाताऱ्याने कितीतरी वेळ ते दोन हात पाहिले. त्याचे ओठ हलत होते. पाच वर्षं जी वस्तू त्याने उन्हावाऱ्यापासून जपली, ती एका दिवसात गेली होती.

"रामधन," तो शेवटी म्हणाला, "राह्यला तो दिवस. नको येऊ आखाजीले."

रामधन बरं म्हणून निघून गेला.

नथ्थू भावाकडे पाहत होता. हातांकडे कुणी पाहत नाही, हे त्याने आजच उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सेठ त्या हातचं पाणी पिऊन गेले होते. आणि जे नथ्थूला कळलं ते बी.ए. झालेल्या भगवंताला कळत नव्हतं, असं थोडंच? तो बापाला फसवत होता. खुर्ची, वकिली, नागपूर, सगळं तो आपल्याच हातांनी पुसून टाकत होता, वहिनीच्या पोटातल्या लेकरासाठी. नथ्थूला भावाचे पाय धरावेसे वाटले आणि स्वतःची लाजही वाटली. कारण बाबा, हा खोटं बोलून राह्यला, एवढंच त्याने म्हटलं असतं तर भाऊ नागपूरला गेला असता. शब्द अगदी जिभेवर आले होते. नथ्थूने ते गिळले. पाणी राहिलं, यात त्याला आनंद झाला होता, आणि हा आनंद त्याला जन्मभर टोचणार होता.

आवडाबाई वाटीत तेल-हळद घेऊन आली. पुंजाजीने वाटी तिच्या हातून घेतली आणि पोराच्या तळव्यांना स्वतः लावायला बसला. भगवंता एकदाच कण्हला. ओसरीवर सकाळचा कोट आणि ते नळकांडं तसंच पडलं होतं. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"पुढची पाळी कोन्या वारी येते?" पुंजाजीने मान वर न करता विचारलं.

"शुक्रवारी," भगवंता म्हणाला.

"नथ्थूले ताप असन तवा." म्हाताऱ्याने हळदीने भरलेला हात धोतराला पुसला. "तूच जाय मंग मोटेवर. हाताले फडकं बांधून जाजो."